आदर्श कोरडी गल्ली

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला की गळतीदादा त्याला प्रवास कसा झाला वगैरे विचारत नाहीत. ते थेट मुद्द्याला हात घालतात. "तुमच्या रस्त्याखालची नळी मातीची की सिमेंटची?" पाहुणा हातातला कप तसाच धरून यजमानाकडे बघतो. यजमान डोळ्यांनी खुणावतो, की सांडपाण्याच्या नळीबद्दल चाललंय, काहीही सांगून टाका. मग पाहुणा "सिमेंटची असावी" असं पुटपुटतो आणि दादा अशी मान हलवतात, जणू त्याने घरातल्या कुणाच्या जुन्या दुखण्याची बातमी दिली. "आत कोणी बघितलंय का कधी?" हा पुढचा प्रश्न. इथपर्यंत आल्यावर पाहुणा सहसा चहा संपवून टाकतो.

गळतीदादा हे नाव त्यांना गल्लीने दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं घेतलं. शहराच्या मैलापाणी खात्यात ते नळ्या तपासायच्या कामावर आहेत. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चाकांवरचा कॅमेरा दोरीने आत उतरवायचा आणि गाडीत पडद्यासमोर बसून नळीच्या पोटात कुठे तडा गेलाय, कुठला सांधा सुटलाय, कुठून झाडाची मुळं आत डोकावतायत ते बघायचं. मग ते बुजवायचं. तुम्हाआम्हाला वाटतं, गटाराची काळजी म्हणजे आतलं बाहेर येऊ नये. दादांची काळजी उलटी. बाहेरचं आत येऊ नये. जमिनीतलं स्वच्छ पाणी फटीफटींतून नळीत शिरतं, तिथल्या ऐवजात मिसळतं आणि मग शहर ते सगळं पंपाने उपसून शुद्धीकरण केंद्रात नेतं आणि पुन्हा स्वच्छ करतं.

"चांगलं पाणी आधी घाण करायचं आणि मग राबून स्वच्छ करायचं. याला काय म्हणायचं सांगा?" दादा विचारत.

"कारभार," असं वहिनी आतून सांगत. वहिनी म्हणजे दादांची बायको. त्या आतून बोलतात तेव्हाच जास्त ऐकू येतं.

दादांचं घर गल्लीच्या अगदी तळाला. गल्ली उतरती आहे. वरच्या टोकाला घरंगळलेला चेंडू काही न करता दादांच्या दारात येऊन थांबतो. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी, आणि खाली, रस्त्यापासून काही पायऱ्या उतरून, तळघरात ताईंचं बाइंडिंगचं दुकान. ताई दादांच्या मोठ्या बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईंनी पुस्तकं शिवून भावाला आणि धाकट्या बहिणीला वाढवलं. त्यांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, प्रेसमध्ये दाबलेलं पुस्तक सोडून मध्येच उठता येत नाही.

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे, त्यामुळे ताई गल्लीला पायांवरून ओळखतात. सेक्रेटरीकाकांच्या चपलेची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे हे काकांना माहीत नाही, ताईंना माहीत आहे. कोणी खिडकीशी घुटमळलं तर मान वर न करता त्या हाक मारतात. आत शिरलं की खळीचा वास, पुठ्ठ्यांची चळत, दोरे, कापडाचे तुकडे, आणि मध्यभागी ते दाबायचं लोखंडी प्रेस. वकिलांचे जाडजूड निकालसंग्रह, शाळेच्या वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं तिथे येतं आणि पाठ ताठ करून परत जातं.

कागदाचा वैरी ओल. म्हणून ताईंची एक जुनी सवय आहे. दुकान बंद करताना त्या पातळ कागदाची एक पट्टी फरशीवर ठेवतात. सकाळी पट्टी सपाट असली तर जमीन कोरडी. कडा वळल्या तर ओल. ती पट्टी इतकी वर्षं कधी वळली नव्हती. दादा हे अभिमानाने सांगत. आमच्या गल्लीची जमीन म्हणजे खडखडीत, असं म्हणताना ते पायाने जमिनीवर थाप देत, जशी एखादा घोडेवाला घोड्याच्या पाठीवर देतो.

तळघरात आणखी एक गोष्ट होती. आवाज. पुढच्या भिंतीलगत, फरशीखालून, गल्लीची मुख्य नळी जाते. भाजलेल्या मातीची, आजोबांच्या काळातली. तिच्यातून दिवसरात्र पाणी झुळझुळत असे. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं कुठे नळ उघडा राहिलाय. ताई म्हणायच्या, असू दे, सोबत असते.

दादांच्या निवृत्तीला थोडा अवधी उरला होता, तेव्हा खात्याने आमच्या गल्लीची नळी दुरुस्तीला घेतली. दादांना झालेला आनंद मी वर्णन करणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी बघणाऱ्या डॉक्टरला शेवटी घरच्या माणसावर उपचार करायला मिळाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेरा आत सोडला. गाडीचं मागचं दार उघडं ठेवून गल्लीतल्या सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. आम्ही आमच्याच गटाराचं दर्शन घ्यायला रांगेने गेलो. आत बघतो तर प्रत्येक सांध्यातून पाणी उडतंय. कुठे चिळकांडी, कुठे पदर, कुठे नुसतं ठिबकणं. एका ठिकाणी तर छताकडून अशी धार पडत होती की सेक्रेटरीकाका म्हणाले, इथे बाग केली तर शोभेल.

सेक्रेटरीकाका आमच्या रहिवासी समितीचे सेक्रेटरी. समितीत दुसरं कोणी पद घ्यायला तयार नाही, त्यामुळे अध्यक्षांचं भाषणही तेच करतात आणि आभारही तेच मानतात.

त्या दिवशी खात्याच्या नव्या इंजिनिअर मॅडमही आल्या होत्या. वयाने दादांच्या मुलीसारख्या. त्यांनी पडदा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "दादा, इतकं पाणी आत येतंय. आपण नळी बंद केली की हे जाणार कुठे?"

"कुठे म्हणजे? येणारच नाही."

"आत येणार नाही. पण बाहेर असेलच ना? नळीच्या शेजारून खडीत एक पाझरनळी टाकू या. जमिनीतलं पाणी त्यातून खालच्या ओढ्याला जाईल."

दादा हसले. मोठ्या माणसाने लहानाच्या शंकेला हसावं तसं, प्रेमाने. "मॅडम, मी या गल्लीत जन्मलो. माझ्या बहिणीचं तळघर बघा. कागद ठेवलेत तिथे, कागद. या जमिनीत पाणी नाही."

"मग हे नळीत दिसतंय ते?"

"ते नळीतलं."

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. आम्हाला दादांच्या उत्तरात काही चूक दिसली नाही. जे नळीत ते नळीतलं, जे तळघरात नाही ते नाहीच. मॅडमनी आपलं म्हणणं वरच्या साहेबांपर्यंत नेलं. पण पाझरनळी म्हणजे रस्ता खोदणं, आणि दादांचं मत म्हणजे न खोदणं. वरच्या साहेबांना अनुभवी माणसाच्या मताबद्दल एकदम आदर वाटला.

काम मात्र दादांनी असं केलं की बघत राहावं. जुनी नळी न उखडता तिला आतून अस्तर लावायचं. रेझिनमध्ये भिजवलेला एक लांबच लांब कापडी मोजा वरच्या झाकणातून आत सोडतात, पाण्याच्या दाबाने तो उलटत, पसरत, नळीच्या अंगाला जाऊन चिकटतो. मग गरम पाणी खेळवलं की तो कडक होतो आणि जुन्या नळीच्या पोटात नवी नळी तयार. तेवढा दिवस गल्लीत कोणी मोरी वापरायची नाही. दादा दारोदार सांगून आले. रेझिनच्या वासाने आमची डोकी दुखली, आणि इतर अडचणींबद्दल सभ्य माणसं बोलत नाहीत. निवृत्त हेडमास्तर सकाळीच गावातल्या भाच्याकडे गेले आणि भाच्याला वाटलं मामांना आपली आठवण आली.

संध्याकाळी दादांनी पुन्हा कॅमेरा सोडला. नळी आतून काचेसारखी. मध्ये फक्त आमच्या घरांतला बारीकसा ओघळ. दादा पडद्याला हात लावून बघत होते.

ते तळघरात गेले तेव्हा ताई दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "अरे, खालचा आवाज बंद झाला."

"तीच तर दाद आहे," दादा म्हणाले आणि पुढचा आठवडाभर हे वाक्य त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. गावाकडून आलेल्या पाहुण्यालाही.

उपसा केंद्रातलं पाणी खरंच कमी झालं. पंप मध्येमध्ये बंद ठेवता येऊ लागले. खात्यात आनंद पसरला आणि आनंद पसरला की खात्यात योजना निघते, तशी निघाली. आमची गल्ली 'आदर्श कोरडी गल्ली' म्हणून जाहीर होणार होती. दगडी पाटी लागणार, मोठे साहेब स्वतः येणार, दादांचा सत्कार होणार. सेक्रेटरीकाकांनी भाषण पाठ करायला घेतलं. त्यात 'कोरडी' हा शब्द इतक्या वेळा होता की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

आणि मग एका सकाळी ताईंची पट्टी वळली.

ताईंनी भावाला बोलावून दाखवली. दादांनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, फरशी पुसली होतीस का. नव्हती पुसली. खिडकी उघडी राहिली का. नव्हती. मग खळ पातळ झाली असेल, तिचा ओलावा. ताईंनी सांगितलं, तू शाळेत जायच्या आधीपासून मी खळ करतेय. दुसऱ्या दिवशी पट्टीची सुरळी झाली. चौथ्या का पाचव्या दिवशी भिंतीच्या पायथ्याशी काळपट रेघ उमटली, मग फरशीच्या सांध्यांत पाणी चमकू लागलं.

दादा पेटून उठले. गळती शोधणं हे तर त्यांचं आयुष्य. फक्त आपली नळी सोडून त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला. आमच्या कुंड्यांवर घेतला. वरच्या घरातल्या टाकीवर घेतला. हेडमास्तर आंघोळीला पाणी जास्त घेतात असं त्यांचं जुनं मत होतं, ते आता आरोप झालं. शेवटी त्यांनी रंगाची परीक्षा घ्यायची ठरवलं. खात्याच्या कपाटातली हिरवी पूड आणून गल्लीतल्या प्रत्येक मोरीत, प्रत्येक संडासात टाकली. ज्याचं पाणी झिरपत असेल, त्याचा हिरवा रंग तळघरात दिसेल. हेतू शास्त्रीय होता. पण दादांना घाईत पूड जरा जास्त पडली. सेक्रेटरीकाकांकडे मुलीला बघायला मंडळी यायची होती, त्यांना हात धुताना बेसिनमध्ये ते हिरवं दृश्य दिसलं. हेडमास्तरांच्या टबला अजून छटा आहे. ते म्हणतात, आंघोळ करताना आपण तळ्यात बसल्यासारखं वाटतं, आणि तक्रार करतायत की कौतुक ते कळत नाही.

ताईंच्या तळघरात हिरव्याचा ठिपकासुद्धा आला नाही. आलं ते नितळ, थंड, स्वच्छ पाणी. वहिनींनी ते भांड्यात घेऊन उजेडात बघितलं. "गल्लीतलं नाही हे," त्या म्हणाल्या. "गल्लीतलं इतकं स्वच्छ नसतं."

ताईंनी पुस्तकं आधी फळ्यांवर ठेवली, मग फळ्यांखाली विटा लावल्या, मग विटांवर विटा. पुठ्ठे फुगू लागले. खळ वाळेना. वकीलसाहेब येऊन त्यांचे निकालसंग्रह घेऊन गेले. फार हळुवारपणे नेले, आजारी माणसाला दुसऱ्या दवाखान्यात हलवावं तसे. प्रबंधवाल्या विद्यार्थ्याने तर रडायचंच बाकी ठेवलं. कोणीतरी एक छोटा पंप आणून दिला. तो दिवसभर घरघरत पाणी खिडकीतून रस्त्याकडेच्या पावसाळी पन्हाळीत टाकू लागला. एक शेजारी म्हणाला, त्यापेक्षा पंपाचा पाइप मोरीतच सोडा की. दादांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा आल्या पावली परत गेला.

धाकट्या बहिणीचा दुसऱ्या शहरातून निरोप आला, की ताई, पुरे झालं, बंद कर आणि इकडे ये, खोली रिकामी आहे. ताईंनी नाही म्हटलं नाही. हेच आम्हाला जास्त लागलं. मग एक दिवस एक माणूस प्रेस बघायला आला. त्याने चाक फिरवून बघितलं, लोखंडावर टिचकी मारली, महिनाअखेर न्यायला येतो म्हणाला. ताई नंतर बराच वेळ प्रेस पुसत होत्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

एव्हाना गल्लीच्या खालच्या बाजूच्या आणखी घरांत जमीन ओलावली होती. तेव्हा समितीचं शिष्टमंडळ दादांकडे गेलं. म्हणजे सेक्रेटरीकाका, आणि त्यांच्यामागे आम्ही. काकांनी बऱ्याच आडवळणांनी विषय काढला. पूर्वी कसं होतं, जुन्या माणसांचं शहाणपण, निसर्गाचा समतोल वगैरे.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," दादा म्हणाले.

"एक भोक," काका म्हणाले. "अगदी लहान. कोणाला दिसणार नाही असं."

दादा पांढरेफटक पडले. ज्या माणसाने जन्मभर भोकं बुजवली त्याच्या घरी जाऊन आम्ही भोकाची याचना करत होतो. ते म्हणाले की नळीत कुठलाही दोष नाही, आणि निर्दोष नळीला भोक पाडायला मी जिवंत असेपर्यंत कोणी येऊ नये. एवढं बोलून ते आत गेले. आतून वहिनींचा आवाज आला, "भोक पाडलं तर दुखणार कोणाला? नळीला की तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सुट्टी असूनही दादांनी खात्याची गाडी आणली आणि कोणालाही न बोलावता कॅमेरा आत सोडला. मी खिडकीतून बघत होतो. ते पडद्याला नाक लावून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस गळती सापडावी म्हणून गळती शोधत होता. एखादा सांधा चुकला असेल, कुठे अस्तर सुटलं असेल, तर निदान दुरुस्त तरी करता येईल. नळी वरपासून खालपर्यंत गुळगुळीत होती. एक थेंब आत येत नव्हता. दादांनी कॅमेरा बाहेर काढला, पुसला, पेटीत ठेवला आणि तळघराच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"बूट ओळखू येतात तुझे," आतून ताई म्हणाल्या. "खाली ये. वरच्या पायरीवर बस, खालची ओली आहे."

पुढचं मला ताईंनी सांगितलं. दादा वरच्या पायरीवर बसले. पंप घरघरत होता. ताई दोऱ्याची रिळं पेटीत भरत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "ते खाली इतकी वर्षं वाजायचं, ते पाणीच ना?"

"हो."

"आपल्या घरांतलं?"

"त्यातलं थोडं. बाकीचं जमिनीतलं."

"मग आता ते कुठे गेलं रे?"

प्रश्न तोच होता. मॅडमनी विचारला तेव्हा त्यावर हसता आलं होतं. दादांनी फरशीकडे बघितलं. जमीन इतकी वर्षं कोरडी होती, कारण ती जुनी, फुटकी, सांध्यासांध्यातून गळणारी नळी गुपचूप सगळं पिऊन टाकत होती. आणि तिचं तोंड दादांनीच शिवलं होतं.

"इथे," ते म्हणाले.

ताईंनी पेटीचं झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या. "चहा घेणार?"

सत्काराचा दिवस आला. तळघराच्या बरोबर समोर मांडव घातला होता, कारण गल्लीत सपाट जागा तेवढीच. मोठे साहेब आले, त्यांच्यामागे बाकीचे साहेब उतरत्या क्रमाने आले, शेवटी मॅडम. सेक्रेटरीकाका सकाळीच ताईंकडे जाऊन विनंती करून आले होते, की भाषणं होईपर्यंत पंप बंद ठेवावा. आवाजामुळे नव्हे, पंपातून जे बाहेर येतं त्यामुळे. कोरड्या गल्लीच्या समारंभात पाणी वाहणं बरं दिसत नाही. ताई बऱ्या स्वभावाच्या. त्यांनी पंप बंद केला.

काकांनी स्वागत केलं, प्रास्ताविक केलं, पाहुण्यांची ओळख करून दिली. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. ते म्हणाले की कोरडेपणा ही केवळ नळीची अवस्था नाही, ती एक दृष्टी आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. दादा व्यासपीठावर हातात पुष्पगुच्छ घेऊन बसले होते. त्यांच्या जागेवरून तळघराची खिडकी दिसत होती. आत ताई पदर खोचून पुस्तकांच्या चळती एका फळीवरून वरच्या फळीवर ठेवत होत्या. एक झाली की दुसरी. पाणी चढत होतं आणि साहेब दृष्टीवर बोलत होते. शेवटच्या चळतीला जागा उरली नाही, तेव्हा ती त्यांनी प्रेसवर ठेवली. प्रेसवर ताई कधी काही ठेवत नाहीत.

दादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी आले, पुष्पगुच्छ कुठे ठेवावा ते न कळून तो त्यांनी मोठ्या साहेबांकडेच परत दिला.

"या गल्लीत पाणी आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून आहे. ते नळीत जायचं म्हणून मला दिसलं नाही. मॅडमनी विचारलं होतं, कुठे जाणार. मी हसलो होतो. ते माझ्या बहिणीच्या घरात गेलंय, आणि ते मी घातलंय. ताई, पंप चालू कर."

टाळ्या वाजल्या. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या हे आधीच ठरलं होतं. मोठ्या साहेबांना वाटलं, हा नम्रपणाचा एखादा प्रकार असावा. इतक्यात पंप सुरू झाला, खिडकीतून पाइप उसळला आणि साठून राहिलेलं पाणी पन्हाळ ओलांडून मांडवाखालून, सतरंजीवरून, साहेबांच्या खुर्चीकडे निघालं. साहेबांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा. फोटो काढणाऱ्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. आदर्श कोरड्या गल्लीचा तो एकच फोटो उपलब्ध आहे.

पुढे खात्यात जे झालं ते खात्याच्या रीतीने झालं. अडचण अशी निघाली की पाझरनळी टाकायची तर गल्लीत पाणी आहे असं मान्य करावं लागतं, आणि गल्ली तर कोरडी म्हणून जाहीर. दोन्ही एकदम खरं कसं असेल, यावर बैठक झाली. दादांनी सांगितलं, कोरडेपणा काढून घ्या, सत्कारही काढून घ्या. मॅडम त्यांच्या शेजारी बसून होत्या. त्यांनी रागाने, उपहासाने, कसंही, 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं की खोदायला सोमवारी सुरुवात करायची का. 'आदर्श कोरडी गल्ली' ही पाटी दुसऱ्या गल्लीला मिळाली. तिथली नळी दुरुस्त केलेलीच नव्हती, त्यामुळे तिथे काहीच तक्रार नव्हती.

मग आमचा रस्ता खोदला गेला. ज्यांनी भोक मागितलं होतं त्या सगळ्यांनी आता खड्ड्याबद्दल कुरकूर केली. तळघराच्या भिंतीलगत चर खणून त्यात खडी पसरली आणि वर ती पाझरनळी आली. म्हणजे काय, तर अंगभर भोकं असलेली नळी. दादांनी ती हातात घेतली तेव्हा गल्ली श्वास रोखून बघत होती. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली. बोटाने एकेक भोक तपासलं. कुठे माती अडकली असेल तर काडीने काढली.

"भोकं वर करायची की खाली?" त्यांनी मॅडमना विचारलं. हा प्रश्न विचारणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

"खाली," मॅडम म्हणाल्या. "पाणी खालून चढतं."

"असं होय," दादा म्हणाले आणि चरात उतरले. नळी त्यांनी स्वतः ठेवली, खाली ओढ्यापर्यंत. एका मजुराने एका भोकावर चुकून पाय ठेवला तर त्याला इतकं बोलले की तो मजूर म्हणाला, साहेब, आहे तर भोकच ना. दादा म्हणाले, म्हणूनच सांभाळायचं.

महिनाअखेर प्रेसवाला माणूस गाडी घेऊन आला. ताई त्याला पायऱ्यांवरच भेटल्या. विकायचं नाही म्हणाल्या. तो म्हणाला, अहो पण शब्द झाला होता. ताईंनी त्याला आत बोलावलं, फरशीवरची कागदाची पट्टी दाखवली. पट्टी सपाट पडली होती, इस्त्री केल्यासारखी. त्या माणसाला काही कळलं नाही. पण जाताना तो आपल्या आजोबांचा फाटका शब्दकोश बाइंडिंगला ठेवून गेला.

त्याच दुपारी दादा खाली आले. बूट बाहेर काढले, पुढच्या भिंतीपाशी गुडघे टेकून बसले आणि कान फरशीला लावला. बराच वेळ तसेच होते. खालून बारीक झुळझुळ येत होती.

"पूर्वी आवाज जरा खर्जात होता," ताई दोरा ओढत म्हणाल्या.

"नवी नळी आहे ताई," दादा फरशीवरूनच म्हणाले. "वयाने उतरेल."